पिंजऱ्यातलं वजन

त्या दुपारी कोंडीराम पौडच्या एसटी स्टँडवर वजनाच्या मशीनची काच रॉकेलच्या फडक्यानं पुसत होता. रोजचंच काम. लोखंडी पाटावर उभं राहून दहा पैसे टाकले की काचेमागचं चक्र गरगर फिरायचं, आत खडखड व्हायची आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य सगळ्यांचं चांगलंच निघायचं, म्हणून लोक खूश होते.

पण मशीन म्हटलं की आत नाणी, आणि नाणी म्हटली की चोर आलेच! दोन वर्षांत तीनदा मशीन फुटलं. एकदा दगडानं काच, एकदा पहारीनं मागचा पत्रा, आणि तिसऱ्या खेपेला तर भल्या गृहस्थांनी आख्खं मशीन ओढ्यापर्यंत ओढत नेलं. मग कंपनीनं मशीन सिमेंटात रोवलं आणि भोवती मजबूत गजांचा पिंजरा ठोकला. पुढं कडीचं दार, दाराला कुलूप. पाट पिंजऱ्याच्या आत. एका वेळी एकच माणूस आत मावेल, एवढीच जागा.

"आता ओरखडा जरी उठला, तरी मशीन उचलून नेऊ," कंपनीचा जयसिंग पुण्याहून येऊन बजावून गेला होता. "आणि तुझी राखणही गेली समज."

राखण गेली तर कोंडीराम खाणार काय? दगडखाणीत डावा पाय चेचल्यापासून त्याला कुणी कामावर घेत नव्हतं. महिन्याचे साठ रुपये आणि स्टँडमागची पत्र्याची खोली, एवढाच त्याचा संसार. त्यामुळं तो मशीनला जिवापाड जपायचा. पोरं नुसती गजाला लोंबकळली तरी खेकसायचा.

खरं सांगायचं तर त्या मशीनकडं बघवत नव्हतं त्याला.

त्याची बायको गोजराबाई मागच्या साली क्षयानं गेली. पिंजरा तेव्हा नव्हता. दवाखान्यातला काटा मोडलेला, म्हणून डॉक्टर म्हणायचे, दर आठवड्याला स्टँडवर वजन करा आणि तिकीट आणून दाखवा. पहिलं तिकीट चौतीस, दुसरं तेहतीस. ते बघून गोजरानं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. कोंडीरामचा जीव तुटला. तिसऱ्या आठवड्यात ती पाटावर चढली तेव्हा त्यानं मागनं हळूच पाटावर पाय टेकवला. टाच नाही, नुसता पंजा. तिकीट पडलं छत्तीस! गोजरा लहान पोरीसारखी हसली. मग अडतीस, मग एकोणचाळीस. डॉक्टरही खूश झाले आणि इंजेक्शनं थांबवली.

कोंडीरामला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मार्गशीर्ष उजाडला. तो तिच्या छातीला निलगिरीचं तेल चोळत असताना गोजरा एवढंच म्हणाली, "मागं... तुमचा पाय व्हता, न्हवं?"

तो तेल चोळत राहिला. पहाटे ती गेली.

तर त्या दुपारी दोनची गाडी निघून गेली आणि स्टँड रिकामा झाला. मुळशीकडून धुकं उतरलं, समोरचं वडाचं झाड दिसेना. तेवढ्यात डोंगरवस्तीवरची बाळाबाई तिच्या लेकीला धरून आली. लिला तिचं नाव. लग्नाला वर्ष झालं नाही तोच खोकला घेऊन माहेरी परतलेली. तिलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, वजनाचं तिकीट आण म्हणून.

"दादा, गेल्या खेपंला अडोतीस भरली बगा," बाळाबाई कौतुकानं म्हणाली. "आज वाडलं तर विंजेक्शनं बंद म्हंत्यात डाक्टर."

कोंडीरामनं लिलाकडं पाहिलं. पोलकं खांद्यावरून ओघळत होतं, मनगट गजाएवढं. अडतीस?

"थांब, बाळाबाय. तू लांब हो. अजून लांब, त्या खांबापाशी." त्यानं लिलाला आत घेतलं, पिंजऱ्याचं दार लावलं, कडी घातली आणि स्वतः चार पावलं मागं सरला. आता मुंगीचासुद्धा पाय पाटाला लागणं शक्य नव्हतं.

नाणं पडलं. चक्र फिरलं... थांबलं... आणि पुन्हा थोडं पुढं सरकलं. दमानं, कुणीतरी अंदाज घेत भार द्यावा तसं.

"आई..." लिला आतून म्हणाली. "ह्यो निलगिरीचा वास कुटनं येतोय गं?"

तिकीट पडलं. एक्केचाळीस.

कोंडीरामनं कडी काढली, पोरीला बाहेर घेतलं आणि वाकून पाहिलं. पाटावर पुढं लिलाच्या चिखलाच्या पायांचे दोन ठसे. मागच्या कडेला तिसरा. कोरडा, राखेसारखा पांढरा. नुसता पंजा, टाच नाही.

"गोजरा..." तो त्या ठशाकडं बघत पुटपुटला. "अगं, ह्या पोरीनं तुजं काय केलं?"

बाळाबाई मात्र तिकीट घेऊन हरखली होती. "एक्केचाळीस! चल गं, डाक्टर जायच्या आत दावू."

"दावू नगंस!" कोंडीरामनं तिकीट हिसकावलं आणि टराटरा फाडलं. "खोटं हाय त्ये. पोर वाळत चाललीय तुजी, दिसत न्हाई व्हय?"

"याड लागलं का काय तुमाला?" बाळाबाई चवताळली. कनवटीला हात घालून तिनं दुसरं नाणं काढलं. "दुसरं घेती. चड गं लिला."

लिला पुन्हा पिंजऱ्याकडं वळली. पाटावर कुणीच नव्हतं, तरी काचेमागचं चक्र झुलत होतं. थोडं पुढं, थोडं मागं.

कोंडीराम खोलीकडं लंगडत पळाला. चोर टाकून गेलेली पहार त्यानं कोपऱ्यात उभी करून ठेवली होती, कधीतरी मशीनच्या राखणीला कामी येईल म्हणून. तीच घेऊन आला. लिलाला बाजूला सारलं आणि दोन हातांनी काचेवर घातली. मग चक्रावर. मग पाटावर, तो वाकडा होईपर्यंत. नाणी चिखलात उडाली, त्यांच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक घावाला तो रडत म्हणत होता, "चुकलं माजं... चुकलं गोजरा... उतर आता..."

शुक्रवारी जयसिंग आला. तुटका सांगाडा बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, चोरांपासून राखायला ठेवला तुला, आणि तूच?"

"व्हय सायेब. मीच," कोंडीराम म्हणाला. दुसरं काय सांगणार?

नोकरी गेली, खोलीही सुटली. त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. मशीन गेलं म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातला काटा दुरुस्त करून घेतला, आणि त्यावर लिला भरली बत्तीस. डॉक्टर हादरलेच. त्याच दिवशी इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. बाळाबाईनं कोंडीरामला शोधून काढलं, पाया पडली आणि हट्टानं दवाखान्यात घेऊन आली. त्यालाही महिनाभर खोकला होता.

कोंडीरामनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. पायाचंसुद्धा. सांगून झाल्यावर इतक्या दिवसांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. मग म्हणाले, "चढ काट्यावर. तुझंही बघू."

काटा भिंतीला लागून होता. कोंडीराम भिंतीकडं पाठ करून उभा राहिला. बाळाबाई आणि लिला समोर बाकावर होत्या. डॉक्टर चष्मा सावरत खाली वाकले, दांडीवरचं वजन सरकवू लागले. सरकवलं, पुन्हा सरकवलं. दांडी काही स्थिर होईना.

मान वर न करताच ते वैतागून म्हणाले, "अहो मागच्या बाई... तेवढा पंजा काढा बघू पाटावरनं."