कुंकू लावलेली व्हॅन

“बाई… नारळ नका फोडू!”

आवाज जमिनीतून आला. मी दचकली. नारळ धरलेला हात वरच्या वर राह्यला.

दसऱ्याचा दिवस होता. वर्धेत नागपूर रोडवर एक मोकळा प्लॉट आहे. तिथं जुन्या गाड्या विकतात — पोरगी दाखवायले बसवतात तशा धुवून, पॉलिश मारून, रांगेत उभ्या. त्यातली एक पांढरी व्हॅन मी पसंत केलती. तिच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिकही काढून झालतं. अन् बाजूच्या गाडीखालून एक माणूस घसरत घसरत बाहेर आला. पंचावन्नच्या आसपासचा. अर्ध्या पिकलेल्या मिशा, कपाळाले ऑइल, अन् डोळे… जाऊ द्या, डोळ्यांचं मागून सांगीन.

“तुम्ही कोण?” मी म्हटलं. “या गाडीचे मामा का काका?”

“बंडूजी म्हणते मले. दोन महिने झाले, सेलूले बस स्टँडच्या मागं गॅरेज टाकलं. गिऱ्हाइकाची गाडी पाह्याले आलतो.”

त्यानं मले विचारलंही नाई. माह्या व्हॅनचं दार उघडलं, सीटचा पट्टा धरला अन् ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटापर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. शेवटचा हातभर मात्र मातकट, अन् त्यावर एक सरळ रेघ. विहिरीच्या बांधावर पाण्याची राहते तशी.

“पुरात उभी होती ही,” तो हळूच म्हणाला. “बाकी सगळं धुते लोक, आतला पट्टा कोणी धूत नाई. आता मॅट उचला, वास घ्या.”

घेतला. ओल्या बारदान्याचा वास.

“वायरा आतून कुजत राह्यते, बाई. आज चालते, उद्या चालते… परवा कुठं दगा देईन, सांगता येत नाई. सोडा ही.”

विकणारा तोंड वाकडं करून पाहून राह्यला होता. मनातून पटलं मले, खोटं कायले सांगू? पण आमच्या घरात एक रीत आहे. ज्या वस्तूले कुंकू लागलं ती परत होत नाई — बैल असो, शिलाई मशीन असो. सासूनं पाळली, मी पाळली. अन् वरून चार माणसांसमोर एक परका मले चुकली म्हणते!

“भाऊ,” मी म्हटलं, “तुमचा सल्ला तुमच्या खिशात ठेवा.”

अन् फोडला नारळ.

तो रागावला नाई. मिशीत हसला. “येजा मग गॅरेजले. लवकरच भेट होईन.”

माह्ये कान तापले. रागानंच तापले, असं मी तवा समजली.

मी सेलूची मनकर्णा. चौथी शिकली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. आठवडी बाजारात गाऊन-परकर विकून पोरगा शिकवला, घर बांधलं, सून आणली. एसटीत गाठोडे चढवून चढवून खांदे गेले, म्हणून बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. गल्लीत माह्या तोंडाले सगळे वचकून राह्यते. अन् मी? स्टिअरिंग हातात घेतलं की भेवानं अर्धी होत होती. ट्रक समोरून आला की डोळे मिटून जात. कोणाले सांगितलं नाई. मनकर्णाबाई भेते हे सेलूले समजलं असतं, तर बाजारात कोणत्या तोंडानं उभी राह्यली असती?

आठ दिवसात व्हॅनचा हॉर्न आपोआप वाजायले लागला. तोही एका तेरवीच्या पंगतीसमोर. गेली मग गॅरेजले, मान ताठ ठेवून.

बंडूजी गाडीत बसला. स्टिअरिंगले हात लावला, अन् हात उलटा करून पाह्यला. ओला.

“पाणी कुठून गळून राह्यलं बाई? रेडिएटर तं तिकडे हाये.”

मी हात पाठीमागं नेले.

“भेता?”

“कोण? मी?” मी पदर खोचला. “ऊन किती आहे, दिसत नाई?”

त्यानं आभाळाकडे पाह्यलं. आभाळ भरून आलतं. “हो…” तो म्हणाला, “लय ऊन हाये.”

बस. हॉर्नची वायर उकलायले लागला. पण संध्याकाळी गाडी न्यायले गेली तर स्टिअरिंगले जाड सुती नाडा गुंडाळलेला. गोल, घट्ट, एकाशेजारी एक फेरा. ओला हात घसरू नाई म्हणून.

घरी येईपर्यंत मी त्या नाड्यावरून अंगठा फिरवत होती…

मग काय, एक दुरुस्त झालं की दुसरं निघे. कधी दिवे, कधी स्टार्टर. बंडूजी वायर उकलून दाखवे, आतलं तांबं हिरवं पडलेलं. अन् सांगत राहे.

“निघायच्या आधी ब्रेक दाबून पाह्यजा. पेडल टणक लागलं पाह्यजे. लोण्यात पाय गेल्यासारखं लागलं तं चाबी काढा अन् मले फोन करा.”

“अन् रस्त्यात तसं झालं तर?”

“सोडून पुन्हा दाबा, पुन्हा दाबा. भरते ते. उतरणीवर हॅन्डब्रेकच्या भरवशावर राहू नका, त्याची केबल पाण्यात राह्यलेली हाये. तोंड खाली असलं की बंद करून रिव्हर्समधी ठेवा. चाकाले काळा दगड लावा. काळा. टणक.”

“सगळं टणकच पाह्यजे तुम्हाले!”

“मले तं आवडते,” तो पान्याकडे पाहत म्हणाला.

मी तिथून पाय काढला. दुसऱ्या दिवशी बेसनाची पाटोडी ‘जास्त झाली’ म्हणून डबा घेऊन गेली. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झालती. दुपार तो बिस्किटाच्या पुड्यावर काढे. बोलता बोलता ध्यानात आलं, मी त्याले भाऊ म्हणायचं सोडलं होतं. कधी, ते माह्यं मलेच समजलं नाई.

आता भेव दोन झाले. एक, गाडी कुठं दगा देईन याचं. अन् दुसरं… गाडी पूर्ण दुरुस्त झाली तर?

समोरच्या देवकाबाईनं विचारलंच, “काय निघालं आज गाडीचं?” विचारताना तिचे डोळे पाह्यले अन् माह्ये हात तिथंच, ओट्यावर उभ्या उभ्या ओले झाले. पोरगा काय म्हणेन? सून? विधवा बाई, या वयात! एकदा व्हॅन गॅरेजमध्ये ठेवा लागली, तर बंडूजी मोटरसायकल काढून म्हणाला, “सोडून देतो घरी.” मी म्हटलं, “मी कोणाच्या मागं बसत नाई.” अन् दीड मैल चालत गेली. मागून त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला नाई, म्हणजे तो उभाच होता. मी वळून पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तर गेली असती.

पौषात केळझरच्या बाजारातून येत होती. पाच वाजले असतील. नाल्याच्या उतरणीवर मागून खरडखरड आवाज यायले लागला. सायलेन्सर लोंबून रस्त्यावर घासत होता. कडेले लावून बंद केली अन् फोन केला. बंडूजी वीस मिनिटात हजर. श्वास फुललेला, जसा मोटरसायकल ढकलत आला.

“लागलं तं नाई तुम्हाले?”

“सायलेन्सर पडला, मी नाई.”

तो हसला नाई. “मनकर्णाबाई, विका ही गाडी. बाजाराच्या दिवशी माह्यं कामात ध्यान नसते. फोन वाजला की काळजात धस्स होते. भेव वाटते मले तुमचं.”

असं कोणी बोललं नव्हतं मले. कधीच. अन् मी काय केलं? भडकली.

“माह्यं भेव तुम्ही कायले घेता? मी कोणाले भेत नाई! तार बांधायची असंन तर बांधा, नाई तर जा.”

तो खाली वाकला. “चाकाले काळा दगड लावजा. रिव्हर्स टाकजा.”

“मले शिकवू नका.”

जवळ जे हाती लागलं ते चाकापुढं टाकलं. मुरमाचं ढेकूळ होतं. दिसलं मले. तरी टाकलं. गिअर तसाच न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला. तो मागच्या चाकापुढून हात लांब करून गाडीखाली शिरला.

मी पाठ फिरवून नाल्याकडे पाहत उभी राह्यली. अन् मागून — टण्‌!

केबल तुटली. ढेकूळ भुरभुरलं. व्हॅन हलली.

उडी कशी मारली, ठाऊक नाई. आत पडली अन् दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

“बंडूजी!”

काहीच नाई.

“बंडूजी!!”

“हाये…” खालून आवाज. “चाक बाहीवर चढलं. हात वाचला. पण निघत नाई मी. पाय नका काढू.”

चाकाच्या पुढं त्याचा हात. त्याच हातानं माह्या स्टिअरिंगले नाडा गुंडाळला होता. अन् पेडल… पेडल टणक नव्हतं. हळूहळू, पायाखालून माती सरकते तसं खाली जाऊन राह्यलं होतं.

“खाली जाऊन राह्यलं, बंडूजी!”

“एकदा सोडून पुन्हा दाबा. भरते ते.”

“सोडू? तुमचा हात हाये खाली!”

“हात माहा हाये, म्हणूनच सांगून राह्यलो. सोडा.”

सोडला. गाडी बोटभर सरकली. खालून ‘हं’ असा दबलेला आवाज… मी दाबला. पेडल पुन्हा टणक. रस्ता रिकामा. अन् माह्या तोंडातून आलं, बावन्न वर्षात पहिल्यांदा आलं —

“मले भेव वाटते, बंडूजी.”



“मलेही,” तो म्हणाला. “पण हाताचं नाई. तुम्ही घाबरून उतरून निघून जाल, याचं.”

“मी कुठं जाऊ?” मी ओरडली. डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं होतं अन् पुसायले हात मोकळा नव्हता. “तुम्हाले सोडून मी कुठंच जात नाई! समजलं?”

“समजलं,” खालून आलं. अन् त्याही परिस्थितीत, मले पक्कं माहीत आहे, तो मिशीत हसला. “आता क्लच दाबा. रिव्हर्स टाका.”

कर्रर्र झालं, बसला नाई.

“क्लच सोडा. पुन्हा दाबा. घाई नाई…”

बसला. खट्‌. क्लच सोडला, मग श्वास धरून ब्रेकवरचा पाय इंच इंच उचलला. गाडी जागची हलली नाई.

उतरली अन् दोन काळे दगड छातीशी धरून आणले, चाकांपुढं ठोकले. कापड कापायची कैची आणून बाही कापली. तो बाहेर आला. हात लाल, पण धड. मी त्याले धरून बोलायले लागली — अक्कल नाई, गाडीखाली असं शिरते कोणी, मुरूम होता तो, मुरूम, मीच टाकलता…

त्यानं माह्ये दोन्ही हात धरले. उलटे करून पाह्यले. ओले.

“लय ऊन हाये,” तो म्हणाला.

त्याचे डोळे सांगायचे राह्यले होते. नाई सांगत. ते माह्ये आहेत.

व्हॅन तिथंच ठेवली; दुसऱ्या दिवशी ओढून न्यायची ठरली. गाठोडे आत कुलूप लावून ठेवले. बंडूजीनं मोटरसायकल सुरू केली. पुढं पाहत बसला, एका बाहीचा.

बाजारातून परतणारे लोक आता यायले लागले होते. मी पदर कमरेले खोचला अन् मागं बसली.

“हळू चालवा. मले भेव वाटते.”

“गाडीचं का लोकांचं?”

“दोन्हीचं.”

“मग… गावाच्या अलीकडे उतरता?”

मी कापलेल्या बाहीच्या खांद्यावर हात ठेवला. ऊन उतरत होतं, दोन्ही बाजूले कपाशी पांढरी. सेलू आलं. बस स्टँड आला. आमची गल्ली आली. ओट्यावर देवकाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. दारात सून, वर्षाली. तिच्यामागं पोरगा, अंकुश.

खांद्यावरचा हात ओला होता.

मी तो काढला नाई.