सफाई धरून

बादल्या, फडकी आणि रंग खरवडायची पट्टी घेऊन मी त्या रिकाम्या घरात घुसले आणि दारातच थबकले. फरशीवर रंगाचा एक थेंब नव्हता!

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला नाही झाला. माझा धंदाच मुळी त्या थेंबांवर चालतो. घराला रंग लावून झाला की लोक मला बोलावतात. काचा, फरशा, नळ, दारांच्या कड्या... रंगाऱ्यांनी जिथे जिथे शिंतोडे उडवलेत ते सगळं मी आणि माझी मावशी घासून काढतो. आमची कंपनी म्हणजे आम्ही दोघीच.

खिडकीपाशी एक उंच मुलगा चौकटीवरची टेप सोलत होता. अगदी हळूच, कुणाला झोपेतून उठवायचं नसल्यासारखा.

"रंगारी तुम्हीच का?"

"हो. काही राहिलंय का?"

"राहिलं असतं तर बरं झालं असतं! सरळ माझ्या पोटावर पाय दिलात की."

त्याने माझ्या बादल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला.

"मग... एखादा कोपरा शिंपडून देऊ का?"

मी फिस्सकन हसले. खरं तर चिडायला आले होते.

मला एक खोड आहे. घरोघर जाऊन काम करणारा कुणीही भेटला, की मी विचारतेच — तुम्ही पैसे कसे ठरवता? नळवाल्याला विचारलं, पडदे शिवणाऱ्या बाईंना विचारलं. कारण माझं गणित कधी जुळतच नव्हतं. मी दार वाजवायचे, घर बघायचे आणि आकडा सांगताना समोरच्याचा चेहरा बघायचे. चेहरा पडला की माझा आकडाही पडायचा. घरात तान्हं बाळ असलं की कमी, म्हातारं जोडपं असलं की आणखी कमी. कुणी नुसता सुस्कारा सोडला तरी मी विरघळायचे. साबण आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला, की मावशीच्या हातावर ठेवायला फारसं काही उरत नसे. शेवटी आईने निर्वाणीचं सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बघ. नाहीतर मामाच्या गावी जा. त्याच्या ऑफिसात तुझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलीय त्याने."

मला खुर्ची नको होती. मळकी काच पुसल्यावर खोलीत जे पहिलं ऊन येतं ना, ते मला हवं होतं. म्हणून त्यालाही विचारलं.

"तास मोजतो," तो म्हणाला. "प्लास्टिक अंथरायचे, टेप लावायचे, शेवटी पुसून घ्यायचे... सगळे धरून. घर बघायला येतो तो वेळसुद्धा."

"बघायला येण्याचेही पैसे?"

"तेव्हा काय मी घरी झोपलेला असतो?"

"आणि लोक देतात?"

"बरेचसे पळून जातात," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "स्वस्तातला रंगारी गाठतात. आणि मग... तुम्हाला बोलावतात."

म्हणजे त्याचं गेलेलं काम फिरून माझ्याकडेच येत होतं! मला भलतीच गंमत वाटली. तो गेल्यावर मी उगीचच त्या स्वच्छ खिडकीवरून फडकं फिरवत राहिले.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. काचेवरचा वाळलेला रंग कशाने काढता? फरशीला कोणता साबण चालतो? एवढी वर्षं रंगकाम करणाऱ्याला हे माहीत नसेल? मी ओळखून होते. तरी सविस्तर उत्तरं द्यायचे. फोनवरून चहावर आलो. मामाच्या खुर्चीचंही मी त्याला सांगून टाकलं. चहाच्या टपरीवर एकदा त्याने अचानक विचारलं, "तुमच्या तासाचा भाव काय?"

मी बोटांवर हिशेब करून सांगितला.

"माझ्या निम्म्याहून कमी?"

"तुमच्या हातात कसब आहे. माझं काय... पुसणं."

"पुसणं? मागच्या आठवड्यात मी काचेवरचा जुना रंग काढायला गेलो आणि हा एवढा ओरखडा पाडला. काचेचे पैसे भरून द्यावे लागले." त्याने हात लांब करून ओरखडा दाखवला. "तुम्ही कधी पाडलात?"

कधीच नव्हता पाडला. आजवर मला हे कुणी विचारलंही नव्हतं. मी चहाच्या ग्लासात बघत बसले, कारण वर बघितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. मला तो आवडायला लागला होता, चांगलाच.

महिना संपत आला आणि एक मोठं काम चालून आलं. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचं दुमजली घर रंगवून, स्वच्छ करून हवं होतं. त्यांनी आम्हा दोघांकडून वेगवेगळे आकडे मागवले. हे काम मिळालं तर माझं इथलं बस्तान बसणार होतं. नाहीतर सोमवारी मामाची खुर्ची.

दोन दिवसांनी बाईंनी दोघांनाही एकदमच बोलावलं.

"रंगारीबुवा, तुम्ही लिहिलंय, सफाई सोडून." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि तुम्ही लिहिलंय, फक्त खिडक्या. मग रंगानंतर माझं घर पुसणार कोण? मी? दवाखाना बंद ठेवून?"

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. बाईंनी आम्हाला बाहेरच्या पायरीवर पिटाळलं आणि नीट हिशेब करून आत यायला सांगितलं.

"तुम्ही तर नेहमी सफाई धरता. मग?" मी विचारलं.

"तुम्हाला काम मिळावं म्हणून सोडली." तो पायरीकडे बघत बोलत होता. "थेंबही पडू देणार होतो थोडे. आणि तुम्ही?"

"तुम्ही थेंब पडू देतच नाही ना... मग न केलेल्या कामाचे पैसे कसे लावू?"

दोघंही असे हसलो की बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

मग तिथेच बसून आम्ही दोघांचा मिळून एक आकडा काढला. तास मांडत गेलो. माझ्या तासापुढे मी सवयीने कमी भाव सांगितला. त्याने मान हलवली. "दोघांचा एकच." मी वाद घातला, तो ऐकेना. त्याने सगळं मोबाइलवर लिहून काढलं, मी नेहमीसारखा फक्त शेवटचा आकडा बघितला आणि मोबाइल त्याला परत दिला.

बाईंनी आकडा वाचला आणि सुस्कारा सोडला. चेहराही पाडला! "थोडं कमी करा की."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कमी करते म्हणायला तोंड उघडलंसुद्धा... पण मग मावशीचे साबणाने सोललेले हात आठवले.

"नाही जमणार, बाई," मी म्हणाले. "यात फुगवलेलं काही नाही. कमी केलं तर कुणाचे तरी तास फुकट जातील."

"बघते. संध्याकाळपर्यंत कळवते," त्या रुक्षपणे म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही टपरीपाशी उभे होतो. चहा निवून गेला होता. हातातलं काम मीच घालवलं असं वाटून मला रडूच कोसळणार होतं.

"सोमवारी जावं लागेल मला," मी म्हणाले.

"हं." त्याने चहाचा ग्लास या हातातून त्या हातात घेतला. "मला एक सांगायचं होतं... म्हणजे —"

फोन वाजला. बाईच होत्या. त्यालाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"आकडा मान्य आहे," त्या म्हणाल्या, "पण एक कळेना. बाकीचे रंगारी आठवड्यात करून देतो म्हणतात. पैसेही तुम्ही आठवडाभराचेच लावलेत. मग दिवस मात्र दुप्पट का लिहिलेत? उरलेल्या आठवड्यात तुम्ही दोघं माझ्या घरात करणार काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो इतका लाल झाला होता की कुठला रंग त्याच्या जवळपास आला नसता.

"त्या दिवसांचे पैसे नाही लावले," तो पुटपुटला. "तू... जाऊ नयेस म्हणून ते वाढवले. रोज थोडं थोडं रंगवलं असतं."

पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला होता. फोनमधून बाईंचा आवाज आला, "हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय, बाई." मला हसू आवरत नव्हतं. मी त्याचा हात धरला. "तेवढे दिवस लागतीलच. एकही कमी नाही होणार."