रिकाम्या जागेतलं नाव

एस्प्लनेड भागातल्या एका लहानशा कंपनीत नूपुर दुकानदारांच्या वेबसाइट बनवायची. कोडचा एकच तयार तुकडा सगळ्यांच्या पानांत डकवायचा, ही तिथली रीत. त्या तुकड्यात एक शोकसूचनाही होती: ‘श्री. ——— यांच्या निधनामुळे दुकान बंद.’ वेळ आली की रिकाम्या जागेत मालकाचं नाव भरून उघडायची, तोवर लपवलेली. माणसांना ती दिसत नसे. सर्च इंजिन मात्र पानाचे सगळे तुकडे जोडून वाचतं, लपवलेलंसुद्धा. नूपुरने हे कंपनीच्या मालकाला, अजेयला, बजावलं होतं. त्याने उडवून लावलं.

मग बेहालाच्या चष्मेवाल्या घोषबाबूंचा फोन आला. सर्चमध्ये त्यांच्या दुकानाच्या नावाखाली निधनाची सूचना झळकत होती, तीही त्यांच्या नावासकट. म्हातारा असा भडकला होता की फोन कानापासून लांब धरावा लागला. नूपुरने कोड तपासला. नावाची जागा रिकामीच होती.

त्याच आठवड्यात घोषबाबू गेले.

“योगायोग,” अजेय म्हणाला. “काम कर.”

नूपुरचं डोकंच फिरलं. “सर, तो तुकडा काढा म्हणून मी घसा फोडून सांगत होते! माणूस गेलाय!”

“सगळ्यांच्या साइट पुन्हा उपसायच्या? वेळ कुठाय?”

तिने सर्चमध्ये बाबांच्या दुकानाचं नाव शोधलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते बेहालात घराखालीच चकल्या-चिवडा विकत. साइट तिनेच करून दिली होती, तोच तुकडा डकवून.

‘श्री. सुधाकर दातार यांच्या निधनामुळे दुकान बंद.’

तिने तुकडा खोडला. सर्च इंजिनला पान पुन्हा वाचायला लावलं. त्याने काय वाचलं ते पडद्यावर आलं.

कोडमध्ये तुकडा नव्हता. सूचना मात्र होती.

तिने फोन लावला. तो वाजत राहिला.

“बोल गं,” बाबा म्हणाले. तिला रडूच फुटलं.

“बाबा, बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय? या गिऱ्हाइकांनाच काय झालंय कळत नाही. फोनमध्ये बघतात नि पाठ फिरवतात. दुकान उघडं आहे म्हणून मी ओरडतोय, पण एकजण वळून बघेल तर शपथ!”

“आईला द्या फोन.”

“ती दारातच आहे. केव्हाचा हाका मारतोय तिला.” ते चांगलेच चिडले होते. “शेजारच्यांनी निशिगंधाचा हार आणलाय, तो घेतेय. कोण गेलं गं?”