आबांची किक

भैरोबा तालमीच्या महिला फुटबॉल संघात स्वतःच्या किकने खेळणारी केतकी सरनाईक आता एकटीच उरली होती. बाकी सगळ्या मुलींच्या पायांत पायठसा होता.

पायठसा म्हणजे उसनी हालचाल. सायकल एकदा जमली की पुन्हा शिकावी लागत नाही, कारण लहान मेंदूत त्या हालचालीची वाट पडलेली असते. उत्तम खेळाडूच्या मेंदूतली अशी वाट टिपून दुसऱ्याच्या मेंदूत पाडता येऊ लागली, तसा कोल्हापुरात किकचा सराव मागे पडला. मुली प्रयोगशाळेत जात, डोक्याला पट्टा लावून पडून राहत, आणि काही दिवसांतच त्यांचा चेंडू बचावपटूंच्या भिंतीला वळसा घालून गोलात जाऊ लागे.

केतकीची किक तिच्या वडिलांची, आबांची. आबा लहानपणी थोरल्या भावाचे बूट घालून खेळले. सैल बूट निसटू नये म्हणून शेवटच्या पावलाआधी ते छोटीशी उडी मारत. पुढे मापाचे बूट आले, तरी उडी राहिली. त्यांचं बघून शिकलेल्या केतकीच्या अंगातही ती उतरली. या उडीमुळे टेकायचा पाय चेंडूच्या बाजूला पडण्याऐवजी मागे पडे, अंग मागे झुके आणि चेंडू आडव्या खांबावरून निघून जाई. आबा गेले त्याला वर्षही झालं नव्हतं.

"केतके, गोल मारतीस का कावळे?" प्रशिक्षक दिनकरकाका म्हणाले. आबांच्या बरोबरीने खेळलेला माणूस. "फायनलला उतरायचं असंल तर ठसा घे. न्हाईतर बाकावर बस."

"ही किक आबांची हाय, काका."

"म्हाईत हाय. त्याच्या पण वरनंच जायच्या."

प्रयोगशाळेत डॉ. रेहाना मुजावरांना तिने एवढंच विचारलं, "जुनी किक राहील ना? नुसती अंगणात मारायला?"

"नाही. एका कामाच्या दोन वाटा ठेवल्या तर पाय ऐन वेळी अडखळतो. जुनी पुसावीच लागते."

"आणि आबांच्या आठवणी?"

"त्या मेंदूत दुसरीकडे असतात. त्यांचा चेहरा, आवाज, कशालाही धक्का लागणार नाही."

केतकीने दोन दिवस घेतले. आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, येडे, गोल बघ. ती जाऊन पट्ट्याखाली पडली.

फायनलला तिचा चेंडू गोलकीपरच्या बोटांपासून वळून जाळ्यात गेला. भैरोबा तालीम जिंकली. गुलालाने माखलेले दिनकरकाका तिच्यासमोर आले, दोन पावलं धावले, मध्येच एक छोटी उडी मारली आणि हवेत किक मारली. भोवतीची सगळी हसली.

"काका, पाय मुरगळला काय?" केतकीने विचारलं.

काकांनी तीच उडी पुन्हा मारून दाखवली. "अगं, आबा न्हवं का हा?"

घरी येऊन तिने डोळे मिटले. आबा लगेच आले. तोच चेहरा, बाहीला उसवलेला तोच हिरवा स्वेटर. ते धावत आले, त्यांचा पाय चेंडूच्या बरोबर बाजूला पडला, गुडघा चेंडूवर आला आणि चेंडू सुरेख वळला. तिने पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तेच.

तिने डॉ. मुजावरांना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची हालचाल आठवताना मेंदू ती आपल्याच अंगात, न हलता, करून बघतो. तुमच्या अंगात जुनी वाट आता नाही, म्हणून तो नवीच करून बघतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी विचारलं, "त्यांची एखादी चित्रफीत आहे का?"

होती. केतकीने ती लावली. हिरव्या स्वेटरमधला माणूस धावत आला, त्याने उडी मारली, चेंडू वर गेला आणि कॅमेऱ्याकडे बघून तो हसला. तिने ती पुन्हा लावली. चेहरा ओळखीचा होता. पण तिचं लक्ष राहून राहून त्याच्या पायाकडे जात होतं. टेकायचा पाय मागे पडतोय, तिला वाटलं, कुणीतरी याला सांगायला हवं.