मॉरिस आणि केरबा मिस्त्रींची शपथ

"फिरलं! रक्षी, हँडल फिरलं!"

बसवेश ओरडला आणि तोंडावर आपटला. इंजिन फिरवायला गाडीच्या नाकात घातलेल्या लोखंडी हँडलला तो दहा मिनिटं माकडासारखा लोंबकळत होता. हँडल ढिम्म हलत नव्हतं. आता एकाएकी ते गर्रकन फिरलं आणि हा पठ्ठ्या थेट मातीत!

"लागलं का रं?" रक्षिता धावली.

"लागू दे! फिरलं का न्हाय ते बघ आधी!"

रक्षिता तेरा वर्षांची, बसवेश अकराचा. दोघं बहीण-भाऊ चंदगडहून मे महिन्याच्या सुट्टीला कसबा बावड्यात आज्जाकडं आले होते. तिसरा सम्राट, शिवप्रसादकाकांचा मुलगा. हे महाशय त्या वेळी गाडीत स्टेअरिंगमागं बसून तोंडानं 'ढुर्रर्र' करत होते.

गाडी होती आज्जाची मॉरिस. सत्तर वर्षांची म्हातारी! एके काळी आकाशी होती म्हणे. आता तिच्यावर एवढी धूळ होती, की खरा रंग बघायला बोट थुंकीनं ओलं करून घासावं लागे. एकोणीस वर्षं ती घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

"सम्राट, तू आत काय केलंस?" रक्षितानं विचारलं.

"काय न्हाय! आईशप्पथ! नुसता तो दांडा हलवत बसलोतो!"

रक्षितानं खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचे वडील चंदगडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. गाड्यांची बाराखडी तिला घरातच शिकायला मिळाली होती.

"गाडी गिअरमध्ये होती! गिअरमध्ये असल्यावर हँडल कसं फिरंल? ह्यानं खेळता खेळता गिअर काढला, म्हणून फिरलं. म्हणजे इंजिन जाम न्हायच!"

तिघं एकमेकांकडं बघत राहिले. कारण 'इंजिन जाम आहे' हा निकाल खुद्द शिवप्रसादकाकांनी दिला होता. काकांचं असं, की एक कान कायम फोनला. उरलेल्या कानावर ते दुकान चालवायचे, मुलगा वाढवायचे आणि मोठमोठे निर्णय घ्यायचे. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर बोलता बोलताच एका हातानं हँडलला हिसडा दिला, ते हललं नाही, आणि मॉरिस भंगारात निघाली. येत्या रविवारी दहा वाजता हंबीरराव भंगारवाले ट्रक घेऊन येणार होते. आज गुरुवार.

मुलं पळतच दुकानात गेली.

"काका, इंजिन जाम न्हाय! तुम्ही गिअर काढलाच न्हाय!"

"अहो, तो माल उद्या... एक मिनिट हं," काका फोनवर म्हणाले आणि मुलांकडं वळले. "शेडच्या जागी गोदाम बांधायचंय. रविवारी दहाच्या आत गाडी चालू झाली, तर ऱ्हाईल हितंच. मिशी काढून ठेवीन माझी! जावा आता."

कोल्हापुरात मिशीची पैज म्हणजे गंमत नव्हे. सम्राटनं चार गिऱ्हाइकांना साक्षीला धरलं आणि मगच तो बाहेर पडला.

आज्जा घराच्या पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसला होता. अण्णाप्पा आज्जा वयानं ब्याऐंशी, आवाजानं पंचवीस. पण गाडीचं नाव काढल्यावर तो आवाज एकदम उतरला.

"मेली रं ती. एकोणीस वर्सं झाली. बंद पडली त्या दिवशी दिवसभर किल्ली फिरवत बसलोतो. बंद वस्तू ठेवून काय करायची? नेऊ दे."

त्यानं पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. संध्याकाळी मात्र मुलांना वेगळंच दिसलं. आज्जा एकटाच शेडमध्ये उभा होता आणि खांद्यावरच्या टॉवेलनं गाडीची पुढची काच पुसत होता. आतून, बाहेरून, कोपऱ्यापर्यंत. तीन दिवसांनी भंगारात जाणारी काच!

बसवेशनं रक्षिताचा हात ओढला. "काय पण करून चालू करायची," तो कुजबुजला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं मागच्या गल्लीत केरबा मिस्त्रींकडं गेले. या मॉरिसला आयुष्यभर हात लागला तो यांचाच. आता गॅरेज बंद होतं आणि हात कापत होते.

"इंजिन जाम? त्या मॉरिसचं?" केरबा मिस्त्री एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. "कोण म्हणतंय?"

"काका! आणि रविवारी ती तोडायला नेणार हायेत!"

हसू तिथंच थांबलं. मिस्त्रींनी भिंतीवरची पिशवी काढली आणि चपला घातल्या. "चला. डोळं माझं, हात तुमचं."

मग काय विचारता! शुक्रवारभर शेडमध्ये नुसती धांदल. प्लग काढून भोकातून चमचा चमचा तेल सोडलं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिखल झाला होता, म्हणून ती सोडूनच दिली. मिस्त्रींनी ताजं पेट्रोल एका बाटलीत आणून ती वर टांगली आणि तिची नळी इंजिनाला जोडली. शेजारच्या गणपतरावांच्या ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आली. सम्राटनं एक बटण दाबून बघितलं, तर दाराच्या खांबातून बाणासारखा एक पिवळा हात टुणकन बाहेर आला!

"आयला! गाडी हात दाखवती!" तो किंचाळला.

"पूर्वी वळायचं असलं, की असाच हात दावायची," मिस्त्री म्हणाले.

सगळं झालं, पण प्लगला ठिणगीच पडेना. प्रत्येक प्लगला वीज वाटून देणारं एक काळं झाकण असतं. रक्षितानं ते उघडलं आणि ती चमकली.

"मिस्त्रीआजोबा, हितं मधल्या दांड्यावर काय तर बसवायचं असतंय की! न्हाईच!"

"नसंल," मिस्त्री आंब्याच्या झाडाकडं बघत म्हणाले.

हे काही खरं नव्हतं! दिवसभर बारीक बारीक स्क्रूवरून ओरडणारे मिस्त्री आता झाड काय बघतात? रक्षिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कुणी काढला?"

मिस्त्रींनी लांब श्वास घेतला. "मीच. रोटर म्हणत्यात त्याला. अंगठ्याएवढा असतोय, काळा, डोक्यावर पितळंची पट्टी. त्यो नसला, की गाडी हूं का चूं करत न्हाय."

"तुम्ही? का पण?"

"तुमच्या आज्जाच्या डोळ्यात मोतीबिंदू झालता. दिसायचं न्हाय, पर गाडी काढायचा! एकदा म्हशीला धडकता धडकता वाचला. शेजारी तुमच्या आज्जी, शिवगंगावैनी बसलेल्या. सांगून ऐकंल तर त्यो अण्णाप्पा कसला! दुसऱ्या दिवशी वैनी गॅरेजात आल्या. म्हणल्या, केरबा, गाडी मोडायची न्हाय, पर चालू बी व्हायला नगं. मी रोटर काढून त्यांच्या हातात दिला. अण्णाप्पाला सांगायचं न्हाय, म्हणून जोतिबाची शपथ घातली."

"मग आम्हाला कसं सांगितलंसा?" बसवेशनं विचारलं.

"तुमची शपथ कुठं घातलेली?" मिस्त्री मिश्किल हसले.

"पण आज्जाच्या डोळ्याचं नंतर ऑपरेशन झालं की!"

"झालं. पर तवर वैनीला शांत झोप लागाय लागलेली!"

शिवगंगाआज्जी चार वर्षांपूर्वी गेली होती. रोटर कुठं ठेवला, ते मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. दुसरा मिळवायचा तर मुंबईत शोधायला आठवडा गेला असता. शनिवारी तिघांनी घर उलथंपालथं केलं. आज्जीची ट्रंक, शिलाई मशीनचा खण, लोणच्याच्या बरण्या... सम्राट तर पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत घुसला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला. रोटर नाही म्हणजे नाही!

रविवार उजाडला. आणि नऊलाच दारात ट्रकचा हॉर्न वाजला. हंबीरराव तासभर आधीच आले!

"संपलं," बसवेश पुटपुटला आणि देवघराच्या उंबऱ्यावर मटकन बसला. आत सम्राटची आई, वर्षाराणीकाकू, पूजा करत होती. एकेक देव ताम्हनात घेऊन पाणी घालायची, पुसायची, विभूती लावायची. बसवेश रडवेल्या डोळ्यांनी बघत होता. नंदी झाला. वीरभद्र झाला. मग एक काळा, ठेंगणा देव आला. त्याच्या डोक्यावर पाणी पडलं, विभूती धुऊन गेली, आणि खालून पितळी पट्टी चकाकली.

"काकू! थांबा! ह्यो देव न्हाय, रोटर हाय!"

"शिवा शिवा! काय बोलतोस?" काकूनं मूठ घट्ट मिटली. तोवर रक्षिता आणि सम्राटही धावत आले होते. "लग्न होऊन आल्यापासनं पूजती मी ह्याला. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडलेला, तिथनं देव्हाऱ्यात आला. सासूबाई म्हणायच्या, वर्षाराणी, ह्याला जागचं हलवायचं न्हाय. ह्यानंच तुझ्या सासऱ्याला राखलंय!"

"खरंच राखलंय!" रक्षिता म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. म्हैस, मोतीबिंदू, शपथ, शेडमधली पुसलेली काच.

काकू मुठीतल्या देवाकडं बघत राहिली. पंधरा वर्षं रोज त्याच्यापुढं हात जोडले होते बिचारीनं! मग ती पदर खोचून उठली. "पोरांच्या हातात न्हाय देणार. मी लावणार. सम्राट, पावण्यांना मिसळ वाढ. मी सांगस्तोवर उठू द्यायचं न्हाय!"

सम्राटनं मोहीम फत्ते केली. "पावणं, असं कसं उठताय? कट घ्या की अजून! पाव गरम हाईत!" घरी आलेल्या माणसाला आग्रह करायचा आणि त्यानं तो मोडायचा नाही, ही बावड्याची रीतच. हंबीररावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ते तिसरी वाटी संपवत होते. शेजारी काका फोनवर बोलत होते, हे काय सांगायला हवं?

तिकडं शेडमध्ये काकू ताम्हन घेऊन उभी. "आधी स्वच्छ पुसा, सूनबाई," केरबा मिस्त्री म्हणाले. "विभूती देवाला चालती, इंजिनाला न्हाय." काकूनं पदरानं रोटर पुसला, एकदा कपाळाला लावला आणि दांड्यावर बसवला. टक्! अगदी बरोबर बसला.

मिस्त्रींनी किल्ली फिरवून स्टार्टरचा खटका ओढला.

खर्रर्र... खर्रर्र... काही नाही. पुन्हा. खर्रर्र... फट्! काळ्या धुराचा लोट निघाला, गणपतरावांच्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या, आणि मग सगळी शेड थरथरू लागली. टकटक टकटक टकटक! मॉरिस चालू झाली होती!

हंबीरराव हातात पाव घेऊनच धावत आले. काका आले. त्यांनी चक्क फोन बंद करून खिशात टाकला!

"ही भंगारात घालत हुतासा व्हय?" हंबीरराव म्हणाले. "पाप लागंल मला! मी न्हाय न्हेत!"

आज्जा सगळ्यात शेवटी आला. अनवाणीच. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. केरबा मिस्त्री पुन्हा आंब्याचं झाड बघू लागले, म्हणून सगळी हकीकत रक्षितानंच सांगितली.

आज्जा एकदम हसू लागला. "एकोणीस वर्सं! मी ह्या इंजिनाला शिव्या घालायचो, आणि ती शेजारी बसून शेंगा निवडायची! म्हणायची, असू द्या हो, जुनी झाली!" तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं तिन्ही मुलांना कवेत ओढलं. "तुमच्या आज्जीनं माझा जीव राखला, आणि तुम्ही माझी गाडी. वाघ हाईसा रं तुम्ही, वाघ!"

"माझंच चुकलं," काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "गोदाम दुसरीकडं बांधू. पोरांनो, तुम्ही मला धडा दिलासा."

ब्रेक आणि टायर नवे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. त्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मॉरिस धुऊनपुसून दारात उभी राहिली. आकाशी, अगदी खरीखुरी आकाशी! आज्जा सवयीनं स्टेअरिंगकडं निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसला. चालवायला काका, पैजेप्रमाणे बिनमिशीचे. मागं तिघं दाटीवाटीनं.

गाडी साखर कारखान्याच्या रस्त्याला लागली. समोरून एक ट्रक आला. आज्जानं दोन्ही हातांनी पुढची फळी घट्ट धरली.

"शिवप्रसाद, हळू!"

"आप्पा, वीसच्या वर काटा न्हाय."

आज्जानं काट्याकडं बघितलं. मग स्वतःच्या आवळलेल्या मुठींकडं. "हितनं सगळं लई जवळ दिसतंय रं," तो हळूच म्हणाला. "ती हितं बसायची. मी साठनं न्यायचो. हळू म्हणाली, की म्हणायचो, तुला काय कळतंय गाडीतलं."

ट्रक निघून गेला. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मॉरिस टकटक करत चालली होती.

"माझ्यापरीस तिलाच जास्त कळत होतं," आज्जा म्हणाला, आणि त्यानं फळीवरचे हात काढून मांडीवर ठेवले.