नाडीकंप

ध्वनिरोधक खोलीचं जाड दार लागलं, तसा मुकुंद खैरनारांनी खिशातून नवा फोन काढून टेबलावर ठेवला. जरा आपटूनच ठेवला.

"आधीच सांगून ठेवतो," ते म्हणाले, "हा कंपनीनं बदलून दिलेला आहे. याच्या आधीचाही बदलूनच दिलेला होता. सगळ्यांना एकच रोग आहे."

"आम्ही सगळं वाचलंय, काका," प्रयोगशाळेच्या डॉ. शहनाज मुजावर शांतपणे म्हणाल्या. "आज इथेच काय ते बघू."

खैरनारांच्या शेजारी केतकी बसली होती. मुकुंदमामांची ही भाची इथे नाशिकलाच महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होती. मामी गेल्यापासून मामा मनमाडला एकटेच राहत. त्यामुळे फोनचं हे प्रकरण सुरू झाल्यापासून सेवा केंद्र, कंपनीचा तक्रार क्रमांक आणि शेवटी ग्राहक मंच अशी सगळी दारं मामांबरोबर तिनंच झिजवली होती. तिच्या रजा संपत आल्या होत्या. फोन दुरुस्त होवो की न होवो, हे एकदाचं संपावं, इतकंच आता तिला वाटत होतं. मंचानं फोन या परीक्षण प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा तिनं मनोमन हुश्श केलं होतं.

भांडण तसं साधं होतं. मनुष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणं पोरखेळ झाल्यापासून फसवणुकीला ऊत आला होता. लेकाच्या आवाजात आईला फोन यायचा, साहेबाच्या आवाजात कारकुनाला. चेहऱ्यांची नक्कल तर त्याहून सोपी. शेवटी कायदा झाला: प्रत्येक फोनमध्ये सजीवस्वर-पडताळणी हवीच. ती सोय नसलेले जुने फोन एका दिवसात मुके झाले. मामांचाही झाला. त्यांनी नवा घेतला. त्यावरून सगळ्यांशी व्यवस्थित बोलणं होई. एकच माणूस सोडून.

ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, ऋजुता. ती कॅनडात हॅलिफॅक्सला होती. तिचा फोन आला, की ती चार वाक्यं बोलते न बोलते तोच एक गोड आवाज मध्ये पडे: "हा आवाज सजीव व्यक्तीचा नाही. आपल्या सुरक्षेसाठी संभाषण थांबवत आहोत." आणि फोन बंद. चित्रफोन केला तरी तेच.

सेवा केंद्रातली मुलगी म्हणाली होती, "काका, फोनमध्ये काही बिघाड नाहीये. तुम्हाला फोन करणारी तुमची मुलगी नसेल. मशीन असेल."

मामांनी तिथे केवढा गोंधळ घातला होता, ते आठवलं की केतकीला अजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कंपनीतर्फे किरण दुसाने नावाचे अभियंते आले होते. पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. अशा तक्रारी ऐकून ऐकून तेही थकलेले दिसत होते.

"हे ओळखतं तरी कसं, तेवढं मला एकदा नीट सांगा," मामा त्यांना म्हणाले. "मी जन्मभर जमिनी मोजल्या. यंत्राला घाबरणारा माणूस नाही मी."

दुसानेंनी डॉ. मुजावरांकडे पाहिलं. त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

"आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू थरथरतात. त्या तंतूंना रक्त पोचवणारं हृदय ठोके देत असतं. प्रत्येक ठोक्याला तंतू किंचित ताणले जातात आणि आवाजाची पट्टी केसभर हलते. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. याला आम्ही नाडीकंप म्हणतो."

"म्हणजे माझ्या बोलण्यात माझी नाडी ऐकू येते?"

"येते. रागावलात की जलद येते. आत्ता येतेय तशी."

मामांना हसू आलं नाही.

"नकली आवाज बनवणारे नाडीकंपही बनवू शकतील की," केतकीनं विचारलं.

"बनवतात," दुसाने म्हणाले. "पण खरं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेतला की जरा पळतं, सोडला की रेंगाळतं. ते अजून कुणाला नीट साधलेलं नाही. म्हणून आमचा नियम सरळ आहे. नाडी जिवंत, तर आवाज जिवंत."

हॅलिफॅक्सला सकाळ झाली होती. ठरल्याप्रमाणे फोन वाजला. मामांनी दोन्ही हातांनी तो कानाशी धरला.

"अप्पा? येतंय का ऐकू?"

"येतंय, ऋजू. बोल. बोलत राहा तू."

"काय बोलू? इथे बर्फ पडलाय. बाळ रात्रभर झोपलं नाही, त्यामुळे मीपण—"

गोड आवाज मध्ये पडला. फोन बंद झाला. मामांनी तो कानाशी तसाच धरून ठेवला होता.

"आता आमच्या यंत्रावरून लावू," डॉ. मुजावर म्हणाल्या. "त्याला पडताळणी नाही. हवं तितकं बोला. मला स्वरालेख मिळेल."

या वेळी फोन तुटला नाही. मुलीचा आवाज खोलीभर घुमला. मामांनी मात्र तब्येत विचारली नाही की नातवाची चौकशी केली नाही. ते एकदम म्हणाले, "ऋजू, तुझी आई तुला शेवटचं कशावरून रागावली होती?"

पलीकडून दमलेला आवाज आला, "अप्पा, पुन्हा परीक्षा? ओल्या केसांनी विमानात बसले म्हणून रागावली होती. झालं समाधान?"

"झालं," मामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा बघून कुणी तसं म्हटलं नसतं.

केतकीच्या मनात कित्येक दिवस घोळणारा संशय आता पक्का झाला. परदेशातली कामात बुडालेली माणसं घरी फोन करायला बोलकं यंत्र ठेवतात, हे तिनं ऐकलं होतं. अशा यंत्राला सगळ्या आठवणी शिकवता येतात, ओल्या केसांचीसुद्धा. ऋजुतानं असं केलं असेल तर? आणि आपण दोघं इथे उन्हातान्हात हिंडतोय! तिला राग आला, पण तो धड टिकवण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

मामांना बाहेर चहाला पाठवून डॉ. मुजावर आणि दुसाने पडद्यावरच्या रेषा पाहत बसले. केतकी मागे उभी राहिली.

"बघा," दुसाने म्हणाले, "नाडीकंप शून्य. आमचा फोन बरोबर आहे. दुर्दैवानं."

"शून्य आहे, हेच मला खटकतंय," डॉ. मुजावर म्हणाल्या. "आजचा सगळ्यात फडतूस नकली आवाजसुद्धा काहीतरी ठोके घालतो. नक्कल करणारा नाडी चुकीची घालेल, पण विसरणार नाही. आणि बाकीचं बघा. श्वास खरा आहे. घसा कोरडा पडल्याचं दिसतंय. झोप न झाल्यानं वाक्याच्या शेवटी आवाज बसतोय. हे सगळं खरं, आणि नाडीच तेवढी नाही."

त्यांनी रेषा मोठी केली. तळाशी एक बारीक, अखंड, सरळ पट्टा दिसत होता.

"ही कसली घरघर?"

"यंत्राची असेल," दुसाने म्हणाले.

"यंत्राचीच आहे. पण ती त्या खोलीतून येत नाहीये. आवाजाच्या आतून येतेय."

दुसानेंनी चष्मा काढला. "अरे देवा," ते हळूच म्हणाले.

डॉ. मुजावर केतकीकडे वळल्या. "हे खरं तर मी सांगायचं नाही. तुम्ही तुमच्या बहिणीला एकट्यानं फोन करा. याच यंत्रावरून. आम्ही बाहेर थांबतो."

केतकीनं फोन लावला. "ऋजू, मी केतकी. अप्पा इथे नाहीत. तुझ्या आवाजात नाडी नाहीये, असं म्हणतायत हे लोक. खरं काय ते सांग. मला आता खोटं ऐकायचं त्राण नाही."

पलीकडे ऋजुता रडायला लागली. आवाज न करता, नुसते श्वास अडकत होते.

"ताई, बाळंतपणानंतर माझं हृदय मोठं झालं. कामच करेना. मग नवं हृदय मिळेपर्यंत पंप बसवला आत. तो ठोके देत नाही गं, नळाच्या धारेसारखं सारखं रक्त वाहतं ठेवतो. माझ्या मनगटाला नाडी लागत नाही. डॉक्टरलासुद्धा लागत नाही."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"आई गेली तेव्हा अप्पा कसे झाले होते, आठवतं ना तुला? तेही हृदयच होतं. मला विमानात बसायला अजून परवानगी नाही. त्यांना तिथे एकट्याला हे कसं सांगू? दार लावून, बाळाला त्याच्या बाबाकडे देऊन फोन करायचे, म्हणजे पंपाच्या, कमरेला लावलेल्या बॅटरीची शिट्टी वाजली तरी लगेच बंद करता यावी. थकले गं ताई लपवून."

केतकी भिंतीला टेकली. ऋजुतावरचा राग तर गेलाच होता, पण त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. "मी सांगू त्यांना?" तिनं विचारलं.

"नको. म्हणजे... मला माहीत नाही. सहन होईल त्यांना?"

मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. केतकी शेजारी जाऊन बसली. मामाच आधी बोलले.

"फोन बरोबर आहे ना?"

"मामा..."

"मला ठाऊक होतं. दुसरा बदलून आला तेव्हाच कळलं मला." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "ऋजू गेली, केतकी. जावयाला मला सांगायचा धीर होत नसेल. म्हातारा एकटा आहे, म्हणून त्यानं तिचा आवाज लावून ठेवलाय. एकदाही इकडे आली नाही ती. चित्रात दिसायची तीही नुसती गळ्यापर्यंत. मी म्हटलं, फोन बिघडलेला निघू दे. निदान कुणीतरी लिहून द्या, की फोन बिघडलाय."

इतके दिवस मामा प्रत्येक खिडकीवर कशासाठी तावातावानं भांडत होते, ते केतकीला आत्ता कळलं. आणि ती त्यांना हट्टी म्हणत आली होती.

"नाही मामा. आहे ती. ऐका माझं. तिच्या हृदयाला आजार झाला, म्हणून आत पंप बसवलाय. तिचं हृदय ठोके देत नाही, एवढंच. फोनला ते ठोके सापडत नाहीत. ती जिवंत आहे. आत्ता बोलले मी तिच्याशी. रडत होती."

आता मामा कोसळणार, म्हणून तिनं त्यांचा हात धरला.

"म्हणजे आहे ती?" मामांनी विचारलं.

"आहे."

"हृदयाचं... उपचार चालू आहेत?"

"चालू आहेत. नवं हृदय मिळेपर्यंत पंप आहे."

"असू दे," मामा म्हणाले. "असू दे, असू दे. पंप तर पंप." मग खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. डॉ. मुजावर दारापर्यंत येऊन परत गेल्या.

संध्याकाळी अहवाल झाला. फोन नियमाप्रमाणेच चालतो, पण नियमाच्या व्याख्येत बसत नाहीत अशी जिवंत माणसं आहेत, असं त्यात लिहिलं होतं. कागदावर सही करताना दुसानेंना कसंतरी होत होतं.

"व्याख्या बदलायला सरकारकडे जावं लागेल," ते म्हणाले. "वर्ष तरी जाईल. तोवर असे पंपवाले सगळेच आमच्या फोनला मृत. मी लावून धरीन. पण वर्षच."

"वर्षभर मी पोरीशी बोलू नको?" मामांनी विचारलं. या वेळी ते ओरडले नाहीत.

दुसानेंनी इकडेतिकडे पाहिलं. "घराघरात बोलणारी यंत्रं असतात. माणसाच्या बोलण्यामागे ती बोलली म्हणून फोन तोडला, तर लोक वैतागतील. त्यामुळे पलीकडून एक जरी सजीव आवाज अधूनमधून येत राहिला, तर आमचा फोन संभाषण तोडत नाही. पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या."

त्यानंतर मनमाडच्या त्या घरात रोज एक विचित्र फोन होऊ लागला. ऋजुता बोले आणि तिच्या शेजारी बसून जावई सारंग कधी पाढे म्हणे, कधी वाणसामानाची नावं वाचे. कधी बाळाला पुढे केलं जाई. त्याच्या "बाबाबाबा"वर पाच-सात वाक्यं निभावत. मामा ओरडून सांगत, "सारंगराव, जरा हळू, मला तिचं ऐकू द्या!" आणि सारंग फार हळू झाला की गोड आवाज येऊन फोन तोडे. पुन्हा लावायचा. सगळेच दमून जात.

एका रविवारी केतकी मनमाडला आली होती. फोन चालू होता. ऋजुताला बरं वाटत नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. तेवढ्यात पलीकडे दाराची घंटा वाजली. सारंग पाढा अर्धा टाकून, बाळाला कडेवर घेऊन उठला. ऋजुता बोलता बोलता थांबली. आता सारंगशिवाय ती बोलत राहिली असती, तर फोन तुटला असता.

तिनं फोन बंद केला नाही. मामांनीही केला नाही.

"राहू दे, नको बोलूस," मामा म्हणाले. "दमली असशील. मी बोलतो."

त्यांनी तिला समोरच्यांनी घराला नवा रंग लावला त्याबद्दल सांगितलं. रंग चांगला नव्हता. मग तेही थांबले. खुर्चीत मागे टेकून, फोन छातीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. केतकीनं वाकून पडद्याकडे पाहिलं. संभाषण चालू होतं. पलीकडून कुणी बोलतच नव्हतं, त्यामुळे फोनला कुणाची पडताळणी करता येत नव्हती.