नजर बुडबुड्यावर

दुर्बिणीत प्रिझमऐवजी एक माणूस आला.

पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून तो चहात बिस्कीट बुडवत होता. इतक्या लांब आपल्याला कोण बघतंय, असा त्याचा समज असावा. मोजणीयंत्राच्या दुर्बिणीतून तिला मात्र त्याच्या भुवयांतला केस न् केस दिसत होता. बिस्कीट मोडून कपात पडलं आणि त्याचा चेहरा इतका उतरला, की ती एकटीच "अरेरे…" म्हणाली.

थोड्या वेळाने तोच तिच्यासमोर हजर. तिचा जोडीदार मध्येच शिक्षण सोडून गेला होता, म्हणून शेवटच्या प्रकल्पासाठी मॅडमनी दुसऱ्या तुकडीतला हा मुलगा पाठवला होता. त्याला सगळे ड्रोनवाला म्हणत. तिला मोजपट्टी म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

"सापडलं का बिस्कीट?" तिने विचारलं.

त्याने एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "म्हणजे तू… लोकांना अशी बघत असतेस?"

"मी खुंट्या बघते. लोक मध्ये येतात."

"ड्रोनने हे सगळं चुटकीसरशी झालं असतं. वरून सगळं दिसतं."

"वरून छपरं दिसतात. दांडा धर."

जिओस्पेशियल सायन्स, म्हणजे जमीन मोजून नकाशे करण्याचं शास्त्र, शिकणाऱ्यांना घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो. तिच्या आईनेही विचारला होता, "नकाशा मोबाईलमध्ये आहे की गं. तू आणखी काय काढणार?" उत्तर देऊन देऊन ती थकली होती. पूर येणाऱ्या गावांचे नकाशे करणाऱ्या एका कार्यालयाने तिला नोकरी देऊ केली होती. पदवी याच वर्षी हातात हवी, एवढीच त्यांची अट. ती नोकरी तिला मनापासून हवी होती.

प्रकल्प तसा सरळ होता. एका खुंटीवर ती यंत्र लावायची, पुढच्या खुंटीवर तो प्रिझमचा, म्हणजे यंत्राचा किरण परत फिरवणाऱ्या काचेचा, दांडा धरायचा, की ती कोन आणि अंतर मोजायची. असं करत कॉलेजच्या आवाराला वळसा घालून पहिल्या खुंटीवर परत यायचं. मोजणी बरोबर असेल, तर कागदावरची आकृतीही तिथेच येऊन बंद होते. दांड्यावर काचेची छोटी डबी असते, तिच्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की दांडा सरळ.

"मी नेमकं काय करायचं?"

"बुडबुड्याकडे बघायचं."

"आणि कंटाळा आला तर…?"

"तर आणखी बघायचं."

ऊन चढलं की, ती यंत्र लावत असताना, तो यंत्रावर छत्री धरायचा. छत्री दर वेळी थोडी तिच्या बाजूला कललेली असायची. तिच्या ते लक्षात आलं. प्रेमात पडायला तिच्याकडे वेळ नव्हता, त्यामुळे ती कामाच्या वेळातच पडली.

आकृती बंद झाली नाही. शेवटच्या रेषेचं टोक पहिल्या खुंटीपासून लांबच राहिलं. दोघांनी आकडेमोड पुढून केली, मग उलट बाजूने केली. ज्या एकाच खुंटीवर दोन्ही उत्तरं जुळतात, चूक तिथली. ती खुंटी निघाली ग्रंथालयामागची. तिथे ती यंत्रावर होती आणि समोर टाकीजवळ तो दांडा धरून.

मॅडमनी चष्मा काढला. "दांडा कललेला होता. ज्याची चूक, तो नापास, पुन्हा पुढच्या वर्षी. दुसऱ्याने नवा जोडीदार घेऊन पुन्हा मोजायचं. बोला."

"माझी," तो लगेच म्हणाला. "माझी नजर बुडबुड्यावर नव्हती."

"मग कुठे होती?"

त्याचे कान तेवढे लाल झाले.

आता तिने फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी पक्की, आई गप्प, सगळं जागच्या जागी.

"मॅडम, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "तो माझ्याकडे बघत होता. दुर्बिणीत स्पष्ट दिसत होतं. मी ओरडायला हवं होतं… पण मला ते आवडलं. मी तसंच मोजणीचं बटण दाबलं."

ड्रोनवाल्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ड्रोन झाडात अडकलाय.

"म्हणजे दोघं नापास," मॅडम म्हणाल्या. दोघांनी माना खाली घातल्या. मॅडमनी आकृतीच्या कागदावर त्या खुंटीभोवती गोल केला. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तो कोन पुन्हा घ्या. जागा बदलून! तूच दांडा धर, म्हणजे कळेल."

तिला कळलं. टाकीजवळ उभं राहून त्या डबीतल्या बुडबुड्याकडे बघत राहणं भयंकर अवघड होतं. समोरून कोणीतरी आपल्याला अगदी जवळून बघतंय, हे मानेवर जाणवत होतं. तिने मान वर केली नाही.

"घेतलं!" लांबून हाक आली. "आता बघ वर!"

तिने बघितलं. इतक्या लांबून त्याच्या चेहऱ्यावरचं तिला काहीच दिसत नव्हतं. त्याला मात्र दुर्बिणीतून सगळं दिसत असणार. म्हणून ती आवाज न करता, नुसते ओठ हलवून, जे सांगायचं होतं ते सावकाश सांगून मोकळी झाली.

तो यंत्र सोडून धावत सुटला.

"यंत्र सोडू नकोस!" ती किंचाळली.

तो अर्ध्यात थबकला, उलटा पळाला आणि यंत्राचं तिकाटणं घट्ट धरून उभा राहिला. "मग तू ये ना!"

त्या संध्याकाळी आकृती बंद झाली आणि मॅडमनी सही केली. पण ते नंतर. आत्ता ती दांडा खांद्यावर टाकून त्याच्याकडे निघाली होती, आणि बुडबुडा कुठे गेला हे तिने एकदाही पाहिलं नाही.